फुकटचे वाय-फाय आणि तुमचे खाते

गाडी दीड तास उशिरा आहे. मोबाइलचा आजचा डेटा संपला आहे. घरी पैसे पाठवायचे राहिले आहेत. फोनवर तीन-चार वाय-फायची नावे दिसत आहेत आणि त्यातल्या एका नावात ‘फ्री’ असे लिहिले आहे. अशा वेळी बोट आपोआप तिकडे जाते. त्यात गैर काहीच नाही. सार्वजनिक वाय-फाय ही चांगली सोय आहे आणि ती वापरली तर महिन्याचा खर्चही थोडा कमी होतो. मात्र खरे वाय-फाय कोणते, त्यावर कोणते काम करावे आणि कोणते करू नये, हे माहीत असायला हवे.

आमच्या शाखेत आलेल्या एका ताईंचे उदाहरण सांगतो. त्या शिवणकाम करतात. प्रवासात असताना त्यांनी असेच एक ‘फ्री’ वाय-फाय जोडले. फोनवर एक पान उघडले. ‘नोंदणीसाठी फक्त १ रुपया’ असे त्यावर लिहिले होते. ताईंनी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपीचा मेसेज आला, तोही त्यांनी टाकला. त्या मेसेजमध्ये रक्कम ९,६०० रुपये अशी स्पष्ट लिहिलेली होती. घाईत त्यांनी फक्त सहा आकडे पाहिले, पुढची ओळ वाचली नाही. दिवाळीसाठी साठवलेले पैसे गेले. ‘आपोआप परत येतील’ या आशेवर त्या दोन दिवस थांबल्या आणि मग बँकेत आल्या. तोपर्यंत ती रक्कम पुढे गेलेली होती.

या प्रसंगात दोन ठिकाणी पैसे वाचू शकले असते. पहिले ठिकाण म्हणजे तो मेसेज आणि दुसरे म्हणजे ते दोन दिवस. दोन्हींविषयी पुढे सविस्तर पाहू.

खरे वाय-फाय कुठे मिळते?

आपल्या देशात सर्वांत जास्त ओळखीचे सार्वजनिक वाय-फाय रेल्वे स्थानकांवरचे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून त्याची सुरुवात झाली. आज देशभरातल्या सहा हजारांहून अधिक स्थानकांवर ते आहे. रेल्वेची कंपनी रेलटेल ते चालवते आणि फोनमधल्या यादीत त्याचे नाव ‘रेलवायर’ असे दिसते. नाव निवडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडते. तिथे मोबाइल क्रमांक भरायचा आणि आलेला ओटीपी टाकायचा. दिवसातून पहिली ३० मिनिटे मोफत मिळतात. त्यापुढे वापरायचे असेल तर पैसे भरून योजना घेता येते. मार्च २०२१ मध्ये या योजना आल्या, तेव्हा सर्वांत लहान योजना १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी अशी होती. गाडीची वेळ, आरक्षणाची स्थिती किंवा बातम्या पाहायला मोफत अर्धा तास बहुतेकांना पुरतो.

दुसरी सोय म्हणजे ‘पीएम-वाणी’. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी या योजनेला मंजुरी दिली. पूर्वी किराणा दुकानाबाहेर एसटीडी-पीसीओचा पिवळा फलक असायचा आणि दुकानदार फोन करू देऊन थोडे पैसे मिळवायचा, ते आठवत असेल. पीएम-वाणीची कल्पना तशीच आहे. चहावाला, किराणा दुकानदार किंवा झेरॉक्सवाला आपल्याकडचे ब्रॉडबँड लहान-लहान पुड्यांत विकू शकतो. त्यासाठी त्याला परवाना लागत नाही आणि सरकारी शुल्कही भरावे लागत नाही. ग्राहकाने पीएम-वाणीचे अॅप घ्यायचे, एकदा नोंदणी करायची, की जवळपासचे वाय-फाय अॅपमध्येच दिसतात. तुमचे छोटे दुकान असेल, तर ग्राहक म्हणून नव्हे, विक्रेता म्हणूनही या योजनेची चौकशी करून पाहा.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. तुम्ही कोण आहात याची नोंद मोबाइल क्रमांकावरून होते. मोफत वापरासाठी कार्डाचा क्रमांक, एटीएमचा पिन किंवा यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. मोफत म्हणणारे पान यातले काहीही मागू लागले, तर ते पान तिथेच बंद करा आणि फोनचे वाय-फायही बंद करा.

ओटीपी कशाचा आहे?

वाय-फायचाही ओटीपी येतो आणि बँकेचाही येतो. दोन्ही दिसायला सारखेच असतात. फसवणूक करणारा याच सारखेपणाचा फायदा घेतो. तो ‘वाय-फायचा ओटीपी टाका’ म्हणतो आणि त्याच क्षणी तुमच्या कार्डावर खरेदी सुरू करतो. म्हणजे ओटीपी खरोखर बँकेकडूनच आलेला असतो, फक्त काम दुसरेच असते.

म्हणून सवय लावून घ्या. आकडे शेवटी पाहायचे. आधी मेसेज कोणाकडून आला, कशासाठी आला आणि त्यात रक्कम लिहिली आहे का, हे वाचायचे. रक्कम लिहिलेली असेल, तर तो वाय-फायचा मोफत ओटीपी नाही. मराठी किंवा हिंदीत मेसेज हवे असतील, तर ती सोय आहे का, हे तुमच्या शाखेत विचारा.

धोका नेमका कुठे असतो?

‘सार्वजनिक वाय-फाय जोडले की पैसे गेले’ असे अनेक जण सांगतात. ते तितकेसे खरे नाही. बँकेचे किंवा यूपीआयचे अधिकृत अॅप तुमची माहिती कुलूपबंद करून पाठवते. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, पण चिकटवलेल्या पाकिटातले पत्र वाचता येत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे हवेतून जाताना पिन चोरणे सोपे नसते.

चोरी होते ती बहुधा पाकीट चुकीच्या माणसाच्या हातात दिल्यामुळे. वाय-फायला नाव कोणीही काहीही देऊ शकतो. स्थानकाबाहेर बसलेला माणूसही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला स्थानकाचे नाव देऊ शकतो. त्याला जोडले गेल्यावर पहिले पान कोणते दिसावे, हे तो ठरवतो. त्या पानावर तुम्ही स्वतःच्या हाताने माहिती भरता किंवा तिथून एखादे अॅप उतरवून घेता. ब्राउझरमधले कुलपाचे चिन्हही इथे पुरेसे नाही. पाकीट बंद आहे, एवढेच ते सांगते. पलीकडचा माणूस खरा आहे, असे सांगत नाही.

खरी बँक ओळखण्याची एक सोपी खूण आता उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तुमच्या बँकेच्या नावाचे पान उघडले आणि पत्त्याचा शेवट वेगळा दिसला, तर काहीही भरू नका.

मग पैशाचे काम कशावर करावे?

पाहण्याची कामे सार्वजनिक वाय-फायवर आणि पैशाची कामे स्वतःच्या सिमच्या डेटावर, ही विभागणी सर्वांत सोपी. यूपीआयच्या व्यवहाराला डेटा फारच थोडा लागतो. दिवसाचा डेटा संपल्यावरही पुष्कळ योजनांत इंटरनेट कमी वेगाने चालू राहते आणि त्यावर व्यवहार पुष्कळदा होऊन जातो.

इंटरनेट अजिबात नसेल तरी मार्ग आहे. बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून *९९# डायल केले, की साध्या फोनवरही शिल्लक पाहता येते आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पैसे पाठवता येतात. त्यासाठी यूपीआय पिन आधी तयार केलेला असावा. मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ ही फोन करून पैसे पाठवण्याची सोयही आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी घरी बसून यातली एक सोय वापरून पाहा. म्हणजे अडचणीच्या वेळी फुकटचे वाय-फाय शोधत फिरावे लागणार नाही.

स्वतःचे इंटरनेट दुसऱ्याला देताना

आपल्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून भावाला, मैत्रिणीला किंवा सहप्रवाशाला इंटरनेट देणे ही मदतच आहे. पण कुलूप लावल्याशिवाय देऊ नका. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी एक धमकीचा ई-मेल पाठवला गेला. तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या कुलूप नसलेल्या वाय-फायवरून गेला होता. त्या गृहस्थांचा ई-मेलशी संबंध नव्हता, तरी पोलिसांची चौकशी आधी त्यांच्याच दारी आली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. सार्वजनिक वाय-फाय मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागते, त्यामागचे कारण हेच आहे. कोणी काय केले, याची नोंद राहावी लागते. तुमच्या हॉटस्पॉटवर अशी नोंद नसते. तिथे नाव एकट्या तुमचे असते.

त्यामुळे हॉटस्पॉटला किमान आठ अक्षरांचा पासवर्ड ठेवा. सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, ‘ओपन’ ठेवू नका. काम झाले की हॉटस्पॉट बंद करा. अनोळखी माणसाला दिला असेल, तर नंतर पासवर्ड बदला.

पैशाची बाजूही पाहा. हॉटस्पॉट सुरू राहिला आणि दुसऱ्याच्या फोनवर व्हिडिओ चालले, तर दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. मग जादा पॅक मारावा लागतो. समजा २० रुपयांचा पॅक आठवड्यातून दोनदा लागला, तर वर्षाचे २,०८० रुपये होतात. म्हणजे महिन्याला सुमारे १७३ रुपये. एवढ्यात एक छोटे आवर्ती ठेव खाते चालू शकते.

चूक झालीच तर

लाजू नका आणि थांबू नका. तीन कामे ताबडतोब करा. बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून कार्ड किंवा यूपीआय बंद करायला सांगा. राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० वर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी ती अडवण्याचा प्रयत्न तिथून होतो. दोन्ही तक्रारींचे क्रमांक लिहून ठेवा.

घाई का करायची? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात यासंबंधी नियम आहे. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर कोणतेही नुकसान पडत नाही. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे. ताईंनी त्याच तासात फोन केला असता, तर ती रक्कम अडवली जाण्याची शक्यता होती.

हे लक्षात ठेवा

• वाय-फायचे नाव तिथल्या फलकावरून किंवा कर्मचाऱ्याला विचारून खात्री करून घ्या.
• मोफत वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी पुरतो. कार्ड किंवा पिन मागितला, की बाहेर पडा.
• मेसेज पूर्ण वाचा, आकडे शेवटी पाहा.
• वाय-फायच्या पानावरून कोणतेही अॅप उतरवू नका.
• काम झाले की ते वाय-फाय फोनच्या यादीतून काढून टाका, नाहीतर त्याच नावाच्या दुसऱ्या वाय-फायला फोन आपोआप जोडला जाईल.
• बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक आणि १९३० आजच फोनमध्ये साठवा आणि एका कागदावर लिहून पाकिटातही ठेवा.