ऊन पाहिजे, बर्फही पाहिजे!

"बर्फ बघायला जायचं म्हणतोस, मग तिथं ऊन कशाला शोधत बसलायस?" बाबांनी लातूरहून फोनवर विचारलं. प्रश्न रास्त होता. पण आल्प्समध्ये दोन हिवाळे तोंड पोळून घेतल्यावर मला ऊनही हवं होतं आणि बर्फही.

म्युनिकला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. इथे नोव्हेंबर लागला की ऑफिसात एकच विषय, "या वर्षी स्कीइंगला कुठे?" जर्मन सहकाऱ्यांची मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून घसरायला शिकतात. आमची लेक बालवाडीत गेल्यावर तीही मागे लागली. आम्ही दोघं पडलो मराठवाड्यातले. उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीच्या गुऱ्हाळावर, गोणपाटात गुंडाळलेला!

पहिली खेप २०२२च्या नाताळानंतरची. घरापासून जवळ, दरही परवडणारे, म्हणून साडेआठशे मीटर उंचीवरचं एक गोंडस गाव निवडलं. त्या वर्षीचं नवं वर्ष युरोपात अवेळी उबदार निघालं. जुन्या वर्षाला निरोप देताना आम्ही रेनकोटात होतो. हिरव्या डोंगरावर कृत्रिम बर्फाचा एक पांढरा पट्टा, जणू कुणी टॉयलेट पेपर उलगडून टाकलाय, आणि त्यावर दोनशे माणसं. चार वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, स्नो कुठे आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या नाताळात चूक सुधारायची म्हणून थेट हिमनदीचं ठिकाण गाठलं. बर्फ भरपूर होता, वादच नाही. पण दरी अरुंद, गाव दिवसभर सावलीत, आणि वर वादळी वारा. तीनपैकी दोन दिवस वरच्या लिफ्ट बंद. जी चालू होती तिच्या रांगेत लेकीची बोटं गारठली आणि ती रडायला लागली. बायको म्हणाली, "हा आनंद आहे की शिक्षा? पुढच्या वेळी ऊन असेल तरच मी येणार." तेव्हापासून आमच्या घरात तीन अटी पक्क्या झाल्या : बर्फ खात्रीचा, ऊन भरपूर आणि सहा वर्षांपासून सहासष्टपर्यंत सगळ्यांना जमेल असं ठिकाण. कारण २०२५च्या मार्चमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच येणार होते. आईच्या गुडघ्यांचं दुखणं वाढत चाललेलं, त्यामुळे हा प्रवास पुन्हा होईल याची खात्री नव्हती. दिवस वाया घालवायला हातात नव्हते.

आता गंमत बघा. ऊन आणि बर्फ यांचं मुळात वाकडं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन भरपूर, म्हणून बर्फाचं आयुष्य कमी. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ टिकतो, पण माणूस कुडकुडतो. जाहिरातींत मात्र दोन्ही एकाच फोटोत हसत असतात.

मी इंजिनिअर माणूस, आकडे घेऊन बसलो. पहिला आकडा सूर्याचा. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर असतो. आल्प्समध्ये तो जेमतेम २० अंशांवर येतो. म्हणजे गावाच्या दक्षिणेला उंच डोंगर असेल तर कित्येक आठवडे ऊन गावात उतरतच नाही. इटलीतल्या व्हिगानेल्ला या खेड्याने तर समोरच्या डोंगरावर मोठा आरसा बसवून २००६मध्ये चौकात ऊन आणलं! मार्चच्या पहिल्या आठवड्यात हाच सूर्य ३६ अंशांच्या आसपास पोचतो. तेव्हा पहिला निर्णय सोपा झाला, नाताळ नको. बायर्नमधल्या शाळांना मार्चच्या सुरुवातीला आठवड्याची सुट्टी होती आणि बाबाही हरभऱ्याची रास आटोपून फेब्रुवारीअखेर निघणार होते. छान जुळलं.

दुसरा आकडा उंचीचा. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आमच्या त्या पहिल्या गावात पाऊस पडत होता, तेव्हा दोन हजार मीटरवर बर्फ पडायला पुरेशी थंडी असणार. स्की केंद्रांसाठी अभ्यासकांचा एक ठोकताळा आहे : डिसेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत किमान १०० दिवस किमान ३० सेंटिमीटर बर्फ, तोही दहापैकी सात हिवाळ्यांत, तरच ठिकाण भरवशाचं. २००७मध्ये ओईसीडी या संस्थेने आल्प्समधली ६६६ केंद्रं तपासली, तेव्हा नैसर्गिक बर्फावर ६०९ भरवशाची ठरली. तापमान दोन अंशांनी वाढलं तर ती ४०४ उरतील, असा त्यांचा हिशेब होता. स्वस्त, जवळची आणि कमी उंचीची गावं आधी गळणार, हे वेगळं सांगायला नको.

पण उंची बघताना माझी एक चूक होत होती, तीच बहुतेक जण करतात. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेली असते ती शिखराची उंची. पण शिखरावर नवखं पोर जात नाही, आजीही जात नाही. बघायचं ते मुलांचं शिकायचं मैदान किती उंचीवर आहे. बहुतेक ठिकाणी ते खाली गावाशेजारी असतं आणि ऊब आली की सगळ्यात आधी त्याचाच चिखल होतो.

उन्हाच्या बाबतीतही तसंच. 'वर्षाला अमुक तास सूर्यप्रकाश' यात उन्हाळ्याचे लांबलचक दिवसही मोजलेले असतात. त्यापेक्षा वेबकॅम बरे. चार ठिकाणं निवडून त्यांचे रोज दहा, एक आणि तीन वाजताचे फोटो आपोआप साठवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. महिन्याभरात कळलं की दोन ठिकाणी एक वाजताच मुलांच्या मैदानावर सावली येते. बायको हसली, "लग्नाला मुलगी बघतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीस!"

शेवटी उरलं ऑस्ट्रियातलं सेरफाउस-फिस-लाडिस. इन नदीच्या दरीवर एखाद्या फळीसारखं पठार आहे, त्यावर ही तीन गावं, बाराशे ते साडेचौदाशे मीटरच्या दरम्यान. डोंगर पाठीशी, समोर मोकळं आकाश. स्कीचे उतार २,८२८ मीटरपर्यंत जातात. आणि मुख्य म्हणजे सेरफाउसचं मुलांचं मैदान गोंडोल्याच्या मधल्या थांब्यावर, जवळजवळ दोन हजार मीटरवर आहे.

शनिवारी निघालो. फर्न खिंडीतली कोंडी शनिवारी ठरलेलीच, त्यामुळे तीन तासांच्या वाटेला पाच तास लागले. (गाडीने जाणार असाल तर हिवाळी टायर हवेतच, आणि जमल्यास शनिवार टाळा.) पण गावात पोचल्यावर शीण गेला. पाहुण्यांनी गाडी एकदा लावली की लावली, गावात फिरायचं ते भुयारी रेल्वेने. एवढ्याशा खेड्यात १९८५पासून चार स्थानकांची, हवेच्या गादीवर तरंगत दोराने ओढली जाणारी गाडी आहे आणि ती फुकट! आईला कुठेही बर्फाळ रस्ता तुडवावा लागला नाही. मी तर म्हणेन, म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर स्कीचे उतार किती किलोमीटर आहेत हे नंतर बघा, खोलीच्या दारापासून लिफ्टपर्यंत किती पावलं आहेत ते आधी मोजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गोंडोल्यातून वर. स्की न करणाऱ्यांसाठी वेगळं, स्वस्त तिकीट असतं, ते आई-बाबांना काढलं. वर दार उघडलं आणि बाबा थबकले. निळं आकाश, लखलखीत पांढरं सगळं. वाकून त्यांनी मूठभर बर्फ उचलला, चुरगळून पाहिला, माती बघतात तसा. म्हणाले, "मिठागतच आहे की रे!"

लेक स्की-शाळेत गेली. तिथे थांबायचं असेल तर पायांचा 'पिझ्झा' करायचा, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. सरळ सुटायचं असेल तर पाय समांतर, त्याला 'पोमेस', म्हणजे बटाट्याचे फिंगर चिप्स. सरकत्या पट्ट्यावरून वर, पिझ्झा करत खाली. तिसऱ्या दिवशी तीच आजोबांना सूचना देत होती, "आजोबा, पिझ्झा करा, पिझ्झा!" आजोबा बिचारे साधे बूट घालून उभे होते. आई लाकडी बाकावर उन्हाला गुडघे देऊन बसली होती, मांडीवर थालीपीठ आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. म्हणाली, "पौषातल्या उन्हासारखं वाटतंय."

एक सावधगिरी मात्र सांगतो. उंचीवर अतिनील किरणं वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत उलटी फेकतो. बाबांनी क्रीम लावायला साफ नकार दिला. "आयुष्य उन्हात गेलं माझं, मला काय क्रीम लावतोस?" दुसऱ्या दिवशी नाकाची सालपटं निघाली, तेव्हा गुपचूप ट्यूब मागितली. आणखी एक, मार्चमध्ये उन्हातला उतार सकाळी काचेसारखा कडक, अकराला मऊ आणि दोननंतर जड होतो. त्यामुळे आम्ही दुपारच्या जेवणाआधीच स्की आटोपायचो. नंतर घसरगाडी किंवा नुसतं बसणं.

उताराच्या कडेने उभी असलेली यंत्रं बाबांच्या नजरेतून सुटली नव्हती. "हे द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरसारखं काय आहे?" मी म्हटलं, तसंच आहे, फक्त औषधाऐवजी पाणी. बारीक तुषार थंड हवेत उडवतात, खाली येईपर्यंत त्याचा बर्फ होतो. आणि इथेच माझं ते ऊन-बर्फाचं कोडं सुटलेलं होतं. ही दरी डोंगरांनी चहूबाजूंनी आडोशाला पडलेली, म्हणून ढग कमी, ऊन जास्त आणि हवा कोरडी. कोरड्या हवेत तुषाराचं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेलं आणखी थंड होतं. आपल्या माठाचंच तत्त्व! हवा पुरेशी कोरडी असेल तर पारा शून्याच्या जरासा वर असतानाही बर्फ बनवता येतो. शिवाय निरभ्र रात्री थंडीही जास्त. म्हणजे ज्या कोरडेपणामुळे इथे ऊन मिळतं, तोच कोरडेपणा यंत्राच्या बर्फाला मदत करतो.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पाणी किती लागतं?"

एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण दहा लाख लिटर, मी सांगितलं. डोंगरावर तळी खोदून साठवतात.

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे दहा हजारी शंभर टँकर." थोडा वेळ गेला. "सोळा साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आपल्याकडं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. स्टेशनवर बघायला गेलो होतो मी." पुढे काही बोलले नाहीत. मी म्हटलं, वसंतात हा बर्फ वितळून बरंचसं पाणी पुन्हा नदीला मिळतं. ते म्हणाले, "मिळत असंल. पण बर्फ पडायच्या जागी बर्फ पाडावा लागतो, म्हणजे इथंही टँकरच सुरू झालाय म्हण की."

वेबकॅमचे एवढे फोटो आणि आकडे जमवूनही हे वाक्य मला सुचलं नव्हतं. ठिकाण निवडताना मी ऊन, उंची, पावलं सगळं मोजलं होतं. पाणी बाबांनी मोजलं.

खाली मैदानावर लेकीने हात हलवून आम्हाला हाक मारली आणि एकटी, कुणाचाही हात न धरता, पोमेस करत सुटली. शेवटी पिझ्झा करायला जरा उशीर झाला आणि ती बर्फात धपकन बसली. आई दचकून उभी राहिली, गुडघे विसरून. लेक मात्र हसत होती. बाबा म्हणाले, "पुढच्या साली नीट थांबंल ती."