६०६ डॉलरनंतरचा धमाका!

माहीत आहे का, निर्वाना बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' किती पैशांत रेकॉर्ड झाला? फक्त ६०६ डॉलर आणि १७ सेंट! १९८९ साली आलेल्या या अल्बमचं बिल भरलं जेसन एव्हरमन या गिटारिस्टनं. कव्हरवर त्याचा फोटो आहे, नावही आहे. पण अख्ख्या अल्बममध्ये त्यानं एक सूरही वाजवलेला नाही. पुढे हा पठ्ठ्या अमेरिकी लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमध्ये दाखल झाला. गिटार ते गन, डायरेक्ट!

आता दुसरा अल्बम. नाव 'नेव्हरमाइंड', खर्च लाख डॉलरच्याही पार. आधी नाव ठरत होतं 'शीप', म्हणजे मेंढरं. बरं झालं, बदललं!

पोरांची वयं बघा. रेकॉर्डिंगच्या वेळी, मे १९९१ मध्ये, गायक-गिटारिस्ट कर्ट कोबेन २४ चा, बासिस्ट क्रिस्ट नोव्होसेलिच २६ चा आणि नवा भिडू, ड्रमर डेव्ह ग्रोल, जेमतेम २२ चा.

या अल्बमचा खरा हीरो कोण, माहीत आहे का? माझ्या मते टॅकोमा शहरातलं एक कोठार! तिथं तिघांनी महिनोन् महिने घाम गाळला आणि साध्या कॅसेट प्लेअरवर गाणी टेप करून प्रोड्युसर बुच व्हिगला पाठवली. आवाज इतका फाटलेला की नीट काही ऐकूच येईना. तरी गाण्यांमधला दम व्हिगला कळला. लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत पोरं पोचली ती अशी पक्की तयारी करून. म्हणून तर बरेचसे ट्रॅक मोजक्या टेकमध्ये ओके!

सिक्रेट सांगू? 'पॉली' गाण्यातल्या झांजा ग्रोलच्या नाहीतच. ते रेकॉर्डिंग एप्रिल १९९० चं, जुना ड्रमर चॅड चॅनिंग असतानाचं. अल्बमवर त्याला क्रेडिट मात्र नाही. हे मला आजही खटकतं.

कर्टला एकच ओळ पुन्हा गाऊन आवाजावर आवाज चढवायचा मनापासून कंटाळा. व्हिगनं शक्कल लढवली: जॉन लेननही असंच करायचा, म्हणाला. झालं, गडी माईकपुढे हजर!

आता माझा लाडका किस्सा. 'समथिंग इन द वे' काही केल्या जमेना. कर्ट कंट्रोल रूममध्ये आला, कोचावर आडवा झाला आणि गाणं कसं हवंय ते पुटपुटत दाखवू लागला. व्हिगनं काय करावं? एसी बंद, फोन बंद, तिथंच माईक लावला! हातातल्या गिटारला पाचच तारा, त्याही बेसूर. मग बास आणि चेलोवाल्याला त्या बेसुराशी सूर जुळवावा लागला. आणि ड्रम बडवणाऱ्या ग्रोलला हळूऽऽच वाजवायची शिक्षा!

'लिथियम'च्या वेळी उलटं. टेक बिघडत गेले, कर्टचं टाळकं सटकलं, बँडनं तुफान गोंगाट सुरू केला आणि त्यानं गिटार आपटून फोडली. टेप चालूच होती! तोच गोंगाट म्हणजे 'एंडलेस, नेमलेस' हा ट्रॅक. सीडीवर शेवटच्या गाण्यानंतर सुमारे दहा मिनिटं सन्नाटा, मग धडाऽऽम! चुकून राहिल्यामुळे पहिल्या खेपेच्या सीड्यांवर तो नाहीच.

'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'मधलं 'टीन स्पिरिट' काय आहे, माहीत आहे का? मुलींचा डिओडरंट! मैत्रीण कॅथलीन हॅनानं भिंतीवर स्प्रेनं लिहिलं होतं की कर्टला त्याचा वास येतो. त्याला वाटलं, वा, काय क्रांतिकारी घोषणा! गाण्याचा सुगंध जगभर पसरला.

२४ सप्टेंबर १९९१ ला अल्बम आला. रेकॉर्ड कंपनीची अपेक्षा? अडीच लाख कॉप्या. बिलबोर्ड चार्टवर एंट्री १४४ व्या नंबरवर. जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला ढकलून थेट एक नंबर! आजवरचा खप तीन कोटींच्या घरात.

आणि साउंड सिटीतल्या ज्या नीव्ह कन्सोलवर, म्हणजे साउंड मिक्सरवर, हे बहुतेक सगळं रेकॉर्ड झालं, तो कुठाय? २०११ मध्ये ग्रोलनं चक्क विकत घेतला, स्वतःच्या स्टुडिओत बसवला आणि २०१३ मध्ये 'साउंड सिटी' नावाची फिल्मच काढली!