कपडे वाळतायत, येऊ दे की फ्रेममध्ये!

सेल्फी काढताना आपण सगळ्यात आधी काय बघतो? चेहरा? छे, मागचं बघतो. मागे दोरीवर टॉवेल वाळतोय, कॉटखाली बॅगा कोंबल्यात, भिंतीला ओल आलीये, आई गाऊनवर ओट्यापाशी उभी आहे. मग आपण दोन पावलं सरकतो, फोन तिरका करतो, नाहीतर सरळ रंगवलेल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहतो. तेही जमलं नाही तर पोर्ट्रेट मोड आहेच. मागचं सगळं धूसर, आपण तेवढे शार्प.

आणि फोटोग्राफीची खरीखुरी आवड असेल तर? तर शनिवारी पहाटेची गाडी पकडून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, नाहीतर मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त, नाहीतर बनारसचे घाट. आषाढात वारी, आणि वारीत एखाद्या आजीच्या सुरकुत्यांचा क्लोजअप, ब्लॅक अँड व्हाइट. फोटो छान येतात, त्यात वाद नाही. पण दहा जणांचे असे दहा फोटो शेजारी ठेवा, नावं झाका, आणि कुठला कुणाचा ते सांगा पाहू. आपला आपल्यालाही ओळखता येणार नाही. यावर कॉलेजच्या प्रत्येक फोटोग्राफी क्लबमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, 'मग काढायचं काय? आमच्याकडे आहे काय? हॉस्टेल, मेस, लायब्ररी, एसटी स्टँड!'

गंमत अशी, की ज्यांचे फोटो नाव न वाचताही ओळखू येतात अशा फोटोग्राफर्सपैकी कित्येकांनी आयुष्यभर नेमकं हेच काढलंय. जे आपण फ्रेमबाहेर ढकलतो ते.

दोन गल्ल्यांचं न्यूयॉर्क

सॉल लायटर हे नाव इन्स्टावर हल्ली बऱ्याचदा दिसतं. पावसाचे थेंब असलेली काच, त्यामागे लाल छत्री, असं काही पोस्ट केलं की कुणीतरी कमेंटमध्ये हे नाव टाकतंच. हे गृहस्थ मूळचे पिट्सबर्गचे. वडील यहुदी धर्मग्रंथांचे मोठे पंडित. मुलानंही धर्मगुरू व्हावं अशी घरच्यांची इच्छा. मुलानं १९४६मध्ये धर्मशिक्षण सोडलं आणि चित्रकार व्हायला न्यूयॉर्क गाठलं. (घरच्यांना न आवडणारी साइड निवडणं ही काही आपल्याच पिढीची मक्तेदारी नाही.) १९५२पासून ते ईस्ट व्हिलेज भागातल्या एका रस्त्यावर राहायला लागले आणि २०१३मध्ये वारले तोवर तिथेच राहिले.

पोटासाठी त्यांनी फॅशन फोटोग्राफी केली. 'हार्पर्स बझार'सारख्या मासिकात त्यांचे फोटो यायचे. पण स्वतःसाठी जे काढलं, त्यातलं बरंचसं घराच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये. तेही रंगीत. त्या काळी रंगीत फोटो म्हणजे जाहिरातीचं काम, कला म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, असा पक्का समज होता. रंगीत फिल्म महाग पडायची म्हणून लायटर मुदत संपलेले रोलही वापरायचे. त्या रोलमधून रंग थोडे विटके, थोडे अनपेक्षित निघायचे. आज आपण जो 'विंटेज' फिल्टर लावतो तो त्यांच्याकडे काटकसरीतून आला होता.

त्यांचा १९५८चा 'कॅनपी' नावाचा फोटो शोधून बघा. फ्रेमचा वरचा बराचसा भाग नुसता काळा. दुकानापुढचं छत मध्ये आलंय. खाली उरलेल्या पट्टीत बर्फ पडतंय आणि माणसं चाललीयेत. आपण असा फोटो काढला असता तर 'अरे, मध्ये काहीतरी आलं' म्हणून डिलीट केला असता. 'थ्रू बोर्ड्स'मध्ये तर दोन फळ्यांच्या फटीतून दिसतो तेवढाच रस्ता. मध्ये आलेलं बाजूला करायचं नाही, त्याच्यासकट बघायचं, ही त्यांची रीत. आणि त्यांच्या कित्येक फ्रेम्स उभ्या आहेत, आपल्या फोनसारख्या. या फोटोंचं 'अर्ली कलर' हे पुस्तक निघालं २००६मध्ये. लायटर तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. तोपर्यंत स्लाइड्स घरातच पडून होत्या.

लायटरला निदान न्यूयॉर्कचा रस्ता तरी होता. प्रागच्या योसेफ सुदेकला तर तेवढंही बाहेर पडायची गरज वाटली नाही. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. त्याआधी तो बुकबाइंडिंग शिकला होता. एका हातानं ते कसं करणार? मग तो फोटोग्राफीकडे वळला, आणि पुढे तर तिकाटण्यावरचे जुने, अवजड कॅमेरे त्या एका हातानं सांभाळले. १९४०मध्ये, शहरावर नाझींचा कब्जा असताना, त्यानं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि ते १९५४पर्यंत चाललं. चौदा वर्षं, एक खिडकी! बाहेर अंगणात एक वाकडंतिकडं झाड. काचेवर कधी दव, कधी बर्फ, कधी ओघळ. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा ग्लास, नाहीतर फुलदाणीतलं एखादं फूल. बस. पण फोटो एकापाठोपाठ एक बघत गेलं की काचेवरच्या ओघळातून त्या माणसाचा मूड कळायला लागतो. बाहेर फिरायची चोरी असलेल्या शहरात खिडकी म्हणजे काय असेल, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी कळतं.

हे आपल्या फोनवर जमेल का? जमतं. फक्त फोनच्या मताविरुद्ध जावं लागतं. फोनचा कॅमेरा स्वभावानं आगाऊ आहे. अंधार दिसला की उजळवतो, सावली दिसली की उचलतो, सगळ्यांचे फोटो सारखे 'छान' करून ठेवतो. एसटीच्या ओल्या खिडकीतून काढताना स्क्रीनवर काचेच्या थेंबावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड बऱ्याच फोन्सवर तिथेच लॉक होतो. मग बोट खाली ओढून फोटो मुद्दाम थोडा काळा करा. बाहेरचं स्टँड, चहाची टपरी, छत्र्या नुसते रंगाचे डाग होतील. झूम करायचा मोह आवरा, त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. बाकी तंत्र यूट्यूबवर भरपूर आहे.

वर्गमैत्रिणी आणि मावश्या

पण न्यूयॉर्क-प्रागची उदाहरणं दिली की एक आक्षेप येतोच. तिथला बर्फही सुंदर दिसतो, आमच्याकडे धूळ! म्हणून आता मुंबईत येऊ.

१९३०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एक पारशी मुलगी शिकत होती, होमाई व्यारावाला. पुढे त्या देशाच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून ओळखल्या गेल्या. नेहरू, माउंटबॅटन, स्वातंत्र्याचे दिवस हे त्यांचे फोटो आपण पुस्तकांत पाहिलेले असतात. २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवात कशापासून झाली? स्त्रियांच्या एका क्लबची पिकनिक! ते फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आले आणि फोटोमागे एक रुपया मिळाला. मग जे.जे.मधल्या वर्गमैत्रिणी, त्यांच्या सहली, शहरातलं रोजचं जगणं. रेहाना मोगल ही त्यांची वर्गमैत्रीण कितीतरी फोटोंमध्ये आहे, बिनधास्त, स्वतःच्या तालात. सुरुवातीला यातलं बरंच काम पती माणेकशा यांच्या नावानं छापून यायचं, कारण बाईनं काढलेला फोटो ही कल्पनाच लोकांना झेपणारी नव्हती. आज ते फोटो बघताना जाणवतं, की हे बाहेरून आलेल्या कुणाला मिळालेच नसते. कॅमेऱ्यामागे मैत्रीण आहे म्हणून त्या मुली अशा दिसतात. तुमच्या ग्रुपमधली मंडळी तुमच्यासमोर जशी असतात तशी जगातल्या कुठल्याही भारी फोटोग्राफरसमोर असणार नाहीत. ही एक गोष्ट फक्त तुमच्याकडे आहे.

दुसरं नाव सूनी तारापोरवाला. 'सलाम बॉम्बे' (१९८८) आणि 'द नेमसेक' या चित्रपटांच्या पटकथा त्यांच्या. शिकायला अमेरिकेत होत्या तेव्हा रूममेटकडून उसने पैसे घेऊन त्यांनी कॅमेरा घेतला. सुट्टीत मुंबईला घरी आल्या आणि समोर जे होतं ते काढायला लागल्या. समोर काय होतं? एकत्र कुटुंब, आजी-आजोबा, मावश्या, लग्नं, नवजोत. रघुबीर सिंग या मोठ्या रंगीत छायाचित्रकारानं ते फोटो पाहिले आणि याचं पुस्तक कर म्हणून सांगितलं. ते 'पारसीज' पुस्तक यायला २००० साल उजाडलं. २०११च्या जनगणनेत देशात पारशी होते ५७,२६४. दहा वर्षांपूर्वीच्या जनगणनेत ते जवळपास ७० हजार होते. म्हणजे घरातल्या घरात, आवड म्हणून काढलेले फोटो एका कमी कमी होत चाललेल्या समाजाची नोंद होऊन बसले. सूनी काही नोंद करायला निघाल्या नव्हत्या. त्या आपल्या माणसांचे फोटो काढत होत्या, आणि ते प्रेम, ती थट्टा फोटोत दिसते. मुद्दाम 'डॉक्युमेंटेशन' म्हणून काढले असते तर ते इतके जिवंत झाले असते, असं मला वाटत नाही.

दुसऱ्याचं रोजचं

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. आपलं घर, आपले मित्र ठीक. पण रस्त्यावर दिसतं ते रोजचं जगणं दुसऱ्या कुणाचं तरी असतं. पुलाखाली झोपलेला मजूर लांबून झूम करून टिपायचा आणि खाली 'स्ट्रगल' असं एका शब्दात लिहायचं, हा प्रकार मला तरी पटत नाही. त्या माणसाला स्वतःचा झोपलेला फोटो चालला असता का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

दिल्लीच्या दयनिता सिंग १९८९मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्रासाठी तृतीयपंथीयांचे फोटो काढायला गेल्या. तिथे त्यांना मोना अहमद भेटल्या. मोनांनी फोटो काढू दिले. पण फोटो लंडनच्या पेपरात छापणार हे कळल्यावर त्यांनी रोल परत मागितले, कारण तिकडे त्यांचे नातेवाईक होते. दयनितांनी रोल देऊन टाकले. असाइनमेंट गेली. मैत्री मात्र पुढे मोनांच्या अखेरीपर्यंत, २०१७पर्यंत, टिकली. २००१मध्ये 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक आलं. त्यात फोटो दयनितांचे आहेत आणि शब्द मोनांच्या स्वतःच्या ईमेल्सचे. ते रोल दिले नसते तर हे पुस्तक झालंच नसतं.

मुंबईचे सुधारक ओलवे यांचं कामही या बाबतीत बघावं असं. वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करताना ते महापालिकेच्या सफाई कामगारांकडे वळले आणि वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत राहिले. कचऱ्याच्या ढिगात, गटारात उतरलेले कामगार त्यांच्या फोटोंत आहेत, तसेच त्या कामगारांची घरं आणि माणसंही. ज्या कामगारांना सकाळी आपण ओलांडून जातो, तेच इथे चौकटीच्या मधोमध उभे आहेत आणि थेट आपल्याकडे बघतायत. हे काम करणारे बहुतेक जण दलित का असतात, हा प्रश्न कॅप्शन न वाचताही पडतो. २०१६मध्ये ओलवेंना पद्मश्री मिळाली. एका दुपारच्या फोटोवॉकमध्ये हे होत नाही. त्यासाठी पुन्हा जावं लागतं, चहा प्यावा लागतो, काढलेला फोटो ज्याचा त्याला नेऊन द्यावा लागतो. आणि 'नको' म्हटलं तर फोन खिशात ठेवावा लागतो. घरच्यांनाही हे लागू आहे बरं का! आईचा गाऊनमधला फोटो तिला न विचारता स्टोरीला टाकणं म्हणजे कलात्मक अभिव्यक्ती नव्हे.

तीन वर्षांची खोली

राहता राहिला प्रश्न लाइक्सचा. असे फोटो टाकले तर मिळतील? बहुधा नाही. विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. लहान मुलाची तीनचाकी सायकल, गावाकडचे रस्ते, असलं सगळं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकानं ते चक्क कंटाळवाणे ठरवले. आज रंगीत फोटोग्राफीचा इतिहास सांगताना ते प्रदर्शन वगळता येत नाही. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायरनं तर लाखाहून जास्त फोटो काढले आणि ते जवळपास कुणालाच दाखवले नाहीत. २००७मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ते बाहेर आले. तिला हे आवडलं असतं का, यावर अजून वाद चालतात.

तुम्हाला इतकं टोकाला जायचं कारण नाही. पण हॉस्टेलची खोली बहुतेकांना तीन-चार वर्षांसाठी मिळते. आधीच्या बॅचनं दारामागे लिहिलेली नावं, मेसच्या भिंतीवरचा खडूनं लिहिलेला मेन्यू, खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी, तिच्यावरचे कपडे, सबमिशनच्या आदल्या रात्री जमिनीवर पसरलेली जर्नल्स आणि त्यातच झोपलेला रूममेट (उठला की विचारा त्याला). गावाकडच्या घराचंही तेच. चुलीची जागा गेली, गोठ्याची पार्किंग झाली, मुंबईतल्या चाळी रीडेव्हलपमेंटला गेल्या. फोटो शोधायला गेलं तर सापडतात फक्त वाढदिवस आणि लग्नं. रोजच्या दिवसाचा एकही नाही.

एक सोपी गोष्ट करून बघता येईल. सेमिस्टरभर एकच जागा धरा. खोलीची खिडकी, लायब्ररीचा जिना, घरचा ओटा, काहीही. रोज एक फोटो, वेळ कुठलीही. पोस्ट करू नका. सत्र संपलं की त्यातले वीस निवडा आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून प्रिंट काढून आणा. फोनवर नाही, कागदावर. मग ते जमिनीवर पसरून मित्राला विचारा, हे कुणी काढलेत?