स्लॅब झाल्यानंतरचं पाणी

छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, याचा हिशेब घरोघरी ठेवावा लागतो. ते पाणी पैठणच्या जायकवाडीतून उचलून आणलेलं. याच शहरात आणि आसपास, बीड बायपासला, सातारा परिसरात, शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत रोज कुठे ना कुठे स्लॅब टाकला जात असतो, आणि प्रत्येक स्लॅबनंतर मिक्सर धुवावा लागतो. या धुण्याची नोंद कुठल्याच हिशेबात होत नाही. बांधकामातल्या पाण्याची, यंत्राची आणि माणसाची मोठी हानी मात्र त्या अर्ध्या तासात होते.

पूर्वीच्या बांधकामाला अशी घाई नव्हती. बीबी का मकबरा १६६०च्या सुमारास उभा राहिला. दरवाजावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही नावं आहेत. संगमरवर तिथे मोजक्याच भागात आहे, बाकी काळ्या दगडावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. असा चुना घाणीत मळायचा: जमिनीतला गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, ते ओढणारा बैल. मळताना गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा असं काय काय पडायचं. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही मऊच असतो. त्यामुळे घाणी रोज खरवडून लख्ख करायची निकड नव्हती.

सिमेंट थांबत नाही. त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होतं. साध्या पोर्टलंड सिमेंटला घट्ट होऊ लागायला किमान ३० मिनिटं लागावीत, असं भारतीय मानक सांगतं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तापलेल्या लोखंडी ड्रमला चिकटलेला पातळ थर फार वेळ देत नाही.

गल्लीबोळात दिसणारा मिक्सर बहुधा ‘दहा-सात’ असतो. १० घनफूट कोरडा माल घातला की साधारण ७ घनफूट ओला माल निघतो. आत एक घनफूट माल बसला, तर सुमारे ६८ किलो मेलेलं वजन इंजिन दिवसभर फिरवतं. त्याहून वाईट म्हणजे ड्रममधली पाती बुजतात. माल उचलून खाली टाकणं हे पात्यांचं काम. ती बुजली की माल घोळला न जाता नुसता घसरतो. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किमान दोन मिनिटं मिसळायला सांगतं, पण बुजलेल्या ड्रममध्ये दोन मिनिटं फिरवूनही कुठे कोरडी वाळू, कुठे नुसती खडी.

चांगला ऑपरेटर शेवटचा माल ओतला की लगेच दोन-चार घमेली खडी आणि थोडं पाणी टाकून ड्रम फिरवत ठेवतो. खडी आतून घासते, पाणी कमी लागतं. जेवणाच्या सुट्टीतही तो हेच करतो. मग बाहेरून ओलं गोणपाट, गिअरला ग्रीस, माल भरायच्या हॉपरच्या वायर रोपवर एक नजर. हॉपर वर उचलून खालचा चर साफ करताना हॉपर साखळीने अडकवलाच पाहिजे. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर त्याखाली माणूस पाठवू नये. जळकं ऑइल आतून फासायची सवय मात्र बंद व्हायला हवी, ते पुढच्या मालात उतरतं.

तयार काँक्रीट वाहून नेणारा ट्रान्झिट मिक्सर वाटेत बंद पडला तर ड्रममध्ये साखर टाकतात. ही अफवा नव्हे: सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही घट्ट होणं काही तास लांबवते, आणि एक टक्क्याच्या आसपास गेली की ते जवळजवळ थांबतंच. अर्थात तो माल मग कामाला वापरायचा नसतो.

आता धुतलेलं पाणी. सिमेंटमधून सुटलेल्या चुन्यामुळे त्याचा सामू १२च्या आसपास जातो. सांडपाणी नदीनाल्यात सोडताना सामू ५.५ ते ९ असावा, असा नियम आहे. आपल्याकडे हे पाणी सरळ गटारात जातं, तिथून नाल्यात, नाल्यातून खाम नदीत. गेली काही वर्षं शहरातल्या लोकांनी खामचे काठ साफ करायला घाम गाळला आहे. वरून पांढुरकं पाणी सोडत राहणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. उपाय महागडा नाही. दोन टाक्या किंवा प्लास्टिक अंथरलेले दोन खड्डे, पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात निवळ पाणी उतरतं. ते दुसऱ्या दिवशी मिक्सर धुवायला चालतं. मालात वापरायचं तर चाचणी करावी: त्या पाण्याच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची ताकद शुद्ध पाण्याच्या ठोकळ्यांच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे.

वेळेवर न धुतलेल्या ड्रमची किंमत शेवटी हेल्पर मोजतो. छिन्नी-हातोडा घेऊन तोच आत उतरतो. बंद ड्रममध्ये काँक्रीट फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. सिलिकोसिसवर बरं करणारा उपचार नाही. आधी इंजिन बंद करून ते सुरू करायचं हँडल काढून घ्यावं आणि ते आत उतरणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावं. थर पाण्याने भिजवावा, तोंडाला रुमाल नव्हे तर धुळीचा मास्क असावा, हातात रबरी मोजे. बांधकाम कामगारांसाठी १९९६मध्ये कायदा झाला, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे, वर्षात ९० दिवस काम केलेल्याची तिथे नोंदणी होते. गवंड्याची होते, सेंट्रिंगवाल्याची होते. मिक्सर धुणाऱ्या पोराला ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराने मागायची वेळ न आणता द्यावा, आणि घर बांधून घेणाऱ्याने करारातच दोन टाक्यांची ओळ घालून घ्यावी.