संख्या आधी हाताला, मग जिभेला

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळीचा घाट वळणावळणांचा आहे. गाडीत बसलेले मूल कंटाळू लागले, की मोठी माणसे त्याला रस्त्याकडेच्या दगडांवरील किलोमीटरचे आकडे वाचायला लावतात. याच खेळात 'सत्तावीस' असे मोठ्याने सांगून कागदावर लिहावयास सांगितले, तर पहिली-दुसरीतील मूल पुष्कळदा ७२ लिहून मोकळे होते. मंडळी हसतात; 'लक्ष कुठे आहे?' असा शेराही मिळतो. वास्तविक मुलाने नीट लक्ष दिलेले असते. सात आधी ऐकले, म्हणून त्याने सात आधी लिहिले.

मराठीत २१ पासून पुढे बहुतेक संख्यांचा उच्चार एककापासून सुरू होतो आणि लेखन दशकापासून. कन्नड, तेलुगू या भाषांत वीस आधी व सात नंतर उच्चारले जातात. ही अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा धर्तीचे संख्यावाचन देण्यात आले. त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागे मुलांची गणिताची भीती कमी करण्याचा हेतू असल्याचे स्पष्ट केले होते.

त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी घरात करण्यासारखे पुष्कळ उरते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांनी ते कार्य पुढे कोसबाडला वाढविले. खडे, बिया, पाने, शिंपले हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. महागड्या खेळण्यांवाचून बालशिक्षण होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

घरी खराट्याच्या हिरांचे सारख्या लांबीचे तुकडे करावेत. दहा तुकड्यांची एक जुडी बांधावी, उरलेले सुटे ठेवावेत. 'सत्तावीस दे' म्हटले, की मुलाने दोन जुड्या डावीकडे व सात सुटे उजवीकडे मांडावेत आणि मगच आकडा लिहावा. 'एकोणतीस' तर या खेळात आपोआप उलगडते. तीन जुड्या मांडाव्यात आणि त्यांतील एक काडी काढून घ्यावी. एकाने ऊन तीस, म्हणजेच एकोणतीस. पाठांतराने जे वर्षभर निसटते, ते एका काडीने कळते.

चिंचोके फोडून केलेले फासे हा दुसरा खेळ. चार फाका टाकाव्यात. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके दान. दहा दाने जमली, की एक जुडी मिळते. तिसरा खेळ दुकानाचा. एक रुपयाची नाणी व दहाच्या नोटा घेऊन आजोबांनी गिऱ्हाईक व्हावे, नातवंडाने दुकानदार. सुटे पैसे परत देताना वजाबाकी होते आणि तिचे ओझे वाटत नाही.

खेळताना एक पथ्य मात्र पाळावे. चुकल्यास 'चुकलास' न म्हणता 'जुड्या पुन्हा मोज' एवढेच म्हणावे. आपली चूक आपल्याच हाताने सापडली, तर मूल हिरमुसत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी 'मला गणित येत नाही' ही समजूत एकदा रुजली, तर ती काढण्यास पुढे शिकवणीची कित्येक वर्षे खर्ची पडतात. त्यापेक्षा संध्याकाळची पंधरा मिनिटे फार स्वस्त आहेत.