पिल्लाचा ओठ जरा वर करून बघा!

नवं पिल्लू घरी आलं की आपण काय काय बघतो? कान केवढे, शेपटी कशी हलते, फोटो कसा येतो... दात मात्र कोणी बघत नाही. ते कळतात थेट सोफ्याच्या पायावर, नाहीतर तुमच्या नव्या ऑफिस शूजवर!

आमचा बंटी डॅशहंड. नऊ आठवड्यांचा असताना लसीला नेला, तेव्हा व्हेटनी सवयीने त्याचा ओठ वर केला आणि थांबलेच. खालचा जबडा मागे, आणि खालचे दोन्ही सुळे वर टाळूत रुतलेले. टाळूला चक्क दोन खड्डे! आणि हा पठ्ठ्या रोज वाटी चाटूनपुसून साफ करत होता. तोंडाचं दुखणं लपवण्यात कुत्री भलती पटाईत असतात.

घरी आईचं म्हणणं, ‘अगं, दुधाचेच दात ना? पडतील आपोआप.’ लॉजिक पटण्यासारखं, पण गोची इथेच आहे. पिल्लाचे दुधाचे २८ दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. टाळूत रुतलेला सुळा खिळ्यासारखा असतो. वरचा जबडा वाढत राहतो, खालचा जागीच अडकतो. म्हणजे आपण वाट बघत बसायची, आणि नेमके तेच दिवस जबडा वाढण्याचे! शिवाय खालचे पक्के सुळे दुधाच्या सुळ्यांच्या आतल्या बाजूने उगवतात, म्हणजे टाळूच्या आणखी जवळ. पुढे टाळूला भोक पडून ते नाकापर्यंत जाऊ शकतं.

उपाय? भूल देऊन ते दुधाचे सुळे काढून टाकायचे, शक्यतो बारा आठवड्यांच्या आत. ऐकून पोटात गोळा येतो, मान्य! या दातांची मुळं लांब आणि नाजूक असतात, पक्का दात शेजारीच दडलेला असतो. त्यामुळे दातांचं काम करणारा, एक्स-रे काढणारा व्हेटच गाठा. गॅरंटी मात्र कोणी देत नाही. अडथळा गेला, तरी जबडा आनुवंशिकतेने ठरेल तेवढाच वाढतो. बंटीचा खालचा जबडा आजही किंचित मागे आहे, पण पक्के सुळे टाळूला लागत नाहीत. मला तेवढं पुरे. त्याला कुठे डॉग शोमध्ये मिरवायचंय?

तुम्ही घरी काय कराल? पिल्लू पेंगुळलेलं असताना, तोंड मिटलेलंच ठेवून ओठ हळूच वर करा. वरचे पटाशीचे दात खालच्यांच्या जरासे पुढे, कात्रीसारखे हवेत. खालचा सुळा वरच्या सुळ्याच्या पुढच्या फटीत, बाहेरून दिसायला हवा. तो आत गायब असेल तर व्हेटला फोन करा, याच आठवड्यात. पुढच्या लसीपर्यंत थांबू नका.

२००३च्या हचच्या जाहिरातीने घराघरांत पोचवलेला पग, तसेच बॉक्सर, शिह त्झू यांचा खालचा जबडा पुढेच असतो. ती त्यांची ठेवण. दात कुठे टोचत नसेल, तर टेन्शन नको.

कोणीतरी रबरी बॉल चावायला द्या म्हणून सुचवेल. काही पिल्लांना त्याचा फायदा होतो, पण केव्हा आणि केवढा बॉल, हे व्हेटनी ठरवायचं. बोटाने दात ढकलायचे प्रयोग तर नकोच. सहाव्या महिन्यात पुन्हा एकदा बघा. पक्का सुळा आलाय आणि दुधाचाही तिथेच ठाण मांडून बसलाय, असं छोट्या जातींत बरेचदा होतं. तोही काढावा लागतो.

पिल्लू अजून आणायचंय? मग तर उत्तमच. २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरला आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि तोवर दुधाचे दात आलेले असतात. तेव्हा पैसे मोजण्याआधीच ओठ वर करा. आईबापांचेही जबडे बघून घ्या, कारण ही ठेवण बऱ्याचदा वारशानेच येते. बंटीला अजूनही स्थळं सांगून येतात. त्याची नसबंदी झालीय म्हटलं, की लोक हळहळतात.