क्षमेची किंमत

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, ‘तुमचा देव दयाळू, मग पापक्षमेसाठी ख्रिस्ताचा बळी कशाला?’ श्रोतेहो, हा प्रश्न पाखंड नव्हे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईही मिशनच्या सिद्धान्तांवर पत्रांतून वाद घालीत. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म म्हणाला, पाप हे देवाचे ऋण. माणसाला ते फिटेना, म्हणून ख्रिस्ताने फेडले. पण दृष्टान्तातल्या उधळ्या पुत्राचा बाप तर काहीच वसूल न करता मुलाला कवटाळतो!

काकूंच्या यजमानांनी एका विणकराची उधारी वहीतून खोडली होती. त्याचे ऋण मिटले, तोटा मात्र यजमानांनी सोसला. मी म्हणालो, ‘काकू, क्षमा करणाऱ्यालाच झळ लागते. माझ्या मते क्रूस म्हणजे देवाने सोसलेली ती झळ.’